इंगळेकाकांच्या हॉलमधले सव्वातीन इंच

वॉकरचे तीनच पाय जमिनीवर टेकत होते. चौथा हवेत होता. प्रशांतने वॉकर हातभर पुढे सरकवला, तर आता दुसराच पाय हवेत. सोफा, टीपॉय, टीव्हीचं युनिट सगळं बेडरूममध्ये कोंबलेलं होतं आणि त्या रिकाम्या हॉलमध्ये आम्ही दोघं एक कोरा करकरीत वॉकर इकडून तिकडे खडखडवत होतो.

"बघा ना मॅडम," प्रशांत म्हणाला. "बाबा यावर कसे चालणार?"

घाटकोपर पूर्वेची पन्नासएक वर्षं जुनी सोसायटी. चार मजले, लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यावर इंगळ्यांचं वन बीएचके. प्रशांत बँकेत. त्याचे वडील नामदेव इंगळे, वय एक्क्याऐंशी, ट्रॉम्बेच्या एका वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेले. पाच आठवड्यांपूर्वी दुपारी पाणी प्यायला उठले. हॉल आणि पॅसेज जिथे मिळतात तिथे जमिनीत खळगा होता. पाय वाकडा पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता ते फिजिओथेरपीच्या सेंटरमध्ये होते. तिथून बारा दिवसांनी सुटी मिळणार होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, जमीन सपाट असेल तरच घरी न्या. पुन्हा पडले तर उठून चालतील याची खात्री नाही.

नाहीतर नाशिक. तिथे प्रशांतच्या बहिणीची नवी बिल्डिंग, लिफ्ट, सपाट टाइल्स.

"मग नाशिक काय वाईट?" मी विचारलं.

"बाबा म्हणतात, नाशिकला नेलंत तर मला परत आणणार नाही तुम्ही." त्याने वॉकर पुन्हा सरळ उभा केला. "आणि खरं सांगू? नाही आणणार. एकदा तिथे बस्तान बसलं की कोण हलवतंय त्यांना?"

खरं बोलणारा क्लायंट मला आवडतो. असे फार थोडे भेटतात.

मी सिव्हिल इंजिनिअर. मुलुंडला माझं छोटं ऑफिस आहे आणि गेली वीस वर्षं मी फक्त जुन्या घरांची दुरुस्ती करते. नवे टॉवर बांधणारे इंजिनिअर वेगळे. दुसऱ्यांनी करून ठेवलेलं निस्तरणाऱ्यांत माझी गणना.

प्रशांतने इलाज आधीच शोधून ठेवला होता. लेव्हलिंग कंपाउंड. हे सिमेंटसारखं मिश्रण असतं, खिरीइतकं पातळ. जमिनीवर ओतलं की आपोआप पसरतं, खळगे भरतं आणि वरून सपाट होऊन वाळतं. एका फ्लोअरिंगवाल्याने त्याला सांगितलं होतं, दोन दिवसांत काम, वर नवीन टाइल्स, झकास. माझ्याकडे तो फक्त सेकंड ओपिनियनसाठी आला होता. तेही बायकोने, सुजाताने, आग्रह केला म्हणून.

मी लेव्हल ट्यूब काढली. पाण्याने भरलेली ही लांब पारदर्शक नळी. तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतं, मग मध्ये घर असो की डोंगर. आता लेझर आले आहेत, माझ्याकडेही आहे, पण पाणी कधी खोटं बोलत नाही आणि त्याची बॅटरीही उतरत नाही. सगळ्या हॉलची मापं घेतली. भिंतींच्या कडेने ठीक. मधोमध जमीन बत्तीस मिलिमीटर खाली. पॅसेजच्या तोंडाशी त्याहून जास्त.

ते आकडे वहीत लिहिले आणि त्यांच्याखाली दोन रेघा मारल्या.

कारण सांगते. आपली जमीन आणि खालच्याचं छत हे दोन नसतात. मध्ये एकच स्लॅब असतो. काँक्रीटचा, आत लोखंडी सळ्या. बिल्डिंग जुनी झाली, सळ्या गंजल्या, वजन वाढलं, की स्लॅब मधोमध वाकतो. याला आम्ही सॅग म्हणतो. कडेला ठीक आणि मध्ये खाली, हे सॅगचं अगदी पुस्तकातलं लक्षण. अशा स्लॅबवर आणखी कंपाउंड ओतायचं म्हणजे पाठ मोडलेल्या माणसाच्या खांद्यावर पोतं द्यायचं.

हे मी एकदा केलं आहे. धंद्यात नवी होते, क्लायंटची घाई होती, वरून छान सपाट करून दिलं आणि पेढे खाऊन घरी आले. काही महिन्यांनी खालच्या घरातला छताचा मोठा पोपडा पलंगावर पडला. पलंग रिकामा होता. तो रिकामा नसता तर आज मी हे लिहीत बसले नसते. तेव्हापासून माझा नियम आहे. स्लॅब खालून बघितल्याशिवाय वर काही ओतायचं नाही.

प्रशांतला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"आणि वाकलेला निघाला तर?"

"तर खालून टेकू लावायचे, रिपेअर करायचा. तीन महिने तरी धरा. तोवर इथे कोणी राहायचं नाही."

"म्हणजे नाशिक."

त्याने वॉकरची घडी घातली आणि भिंतीला लावून ठेवला.

खाली तळमजल्यावर हंसाबेन राहतात. सत्तरीच्या, एकट्या, आवाज खणखणीत. हॉलला नुकतंच पीओपीचं फॉल्स सीलिंग केलेलं, म्हणजे खरा स्लॅब झाकलेला. त्यात इंगळ्यांच्या बाथरूमच्या लीकेजवरून दोन घरांत दहा वर्षांचा अबोला. दार अर्धवट उघडून त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"सीलिंग तोडायचा नाय. आत्ताच केला मी."

"तोडायचं नाही हंसाबेन. फक्त लाइट काढून त्या भोकातून वर बघायचंय."

"वरच्यांनी पाठवलं ना तुम्हाला? त्यांना सांगा, आधी माझ्या भिंतीची ओल बघा."

पाच मिनिटं मी ओल ऐकून घेतली. मग म्हटलं, "हंसाबेन, स्लॅब खराब असेल तर तो इंगळ्यांच्या पायाखाली आहे. पण तुमच्या डोक्यावर आहे."

त्यांनी एकदा वर बघितलं. मग दार पूर्ण उघडलं.

"चपला बाहेर काढा. आणि सोफ्यावर चादर टाकते, थांबा."

सीलिंगमध्ये सहा गोल लाइट होते. रफिकमिस्त्रीने ते एकेक करून खाली सोडले. रफिक माझ्याबरोबर अठरा वर्षं आहे. लादीचं काम असं करतो की बघत राहावं आणि तोंड असं चालवतो की कान झाकावे. मी भिंतीवर लेझरची लाल रेघ मारली आणि प्रत्येक भोकातून त्या रेघेपासून स्लॅबपर्यंतचं अंतर मोजत गेले. स्लॅब वाकला असेल तर मधलं अंतर बत्तीसएक मिलिमीटरने कमी यायला हवं होतं.

पहिलं भोक, कडेचं. दुसरं, कडेचं. तिसरं, मधलं. मी पुन्हा मोजलं. चौथं.

"क्या हुआ मॅडम?" रफिकने शिडी धरून विचारलं.

"पाच मिलिमीटर."

"बस?"

"बस. एवढा फरक तर बांधतानाच राहतो."

टॉर्च मारून प्रत्येक भोकातून वर बघितलं. तडा नाही, गंजाचे डाग नाहीत, पोपडे नाहीत. पन्नास वर्षांचा स्लॅब ताठ उभ्या म्हाताऱ्यासारखा सरळ होता. मी शिडीवरून उतरले आणि न विचारताच हंसाबेनच्या सोफ्यावर बसले. त्यांनी पाणी आणून दिलं.

"चांगलं आहे ना?" त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला होता.

"चांगलं आहे. निवांत झोपा."

जाता जाता त्यांची ओलही बघून घेतली. खरी होती. वरच्या बाथरूमच्या उंबऱ्यापाशी पाणी झिरपत होतं आणि खाली त्यांच्या पॅसेजच्या भिंतीत उतरत होतं.

आता प्रश्न असा, की स्लॅब सरळ आणि वरची जमीन खचलेली, तर खचलंय काय? या दोघांच्या मध्ये जे आहे ते. वर जाऊन मी काठीने टाइल्सवर ठोकत फिरले. चांगली बसलेली लादी टक् वाजते. ही ढब ढब वाजत होती, सगळीकडे. मग ज्या गोष्टी आधी दिसूनही बघितल्या नव्हत्या त्या दिसायला लागल्या. प्रत्येक दरवाजा खालून कापलेला. किचनचा ओटा माझ्या कमरेच्या पुष्कळ खाली. आणि बाथरूममध्ये जाताना चांगली तीन इंचांहून मोठी पायरी उतरावी लागत होती. म्हाताऱ्या माणसासाठी तो खळग्याहून मोठा सापळा.

"सुजाता, या घरात लाद्या किती वेळा घातल्या?"

सुजाताने बोटं मोजली. "मूळच्या मोझेकच्या. मग नाशिकच्या ताईंच्या लग्नात त्याच्यावर एक. मग आमच्या लग्नात त्याच्यावर एक. बाथरूम कोणी केलंच नाही."

इंगळ्यांकडे लग्न ठरलं की कॅटररच्या आधी लादीवाला यायचा. आणि जुनी लादी काढायची नाही, तिच्यावरच नवी घालायची. मुंबईत निम्म्या जुन्या घरांत हेच आहे. फोडायचं म्हटलं की धूळ, आवाज, खालच्यांशी भांडण, म्हणून वर चढवत जायचं. बाथरूमच्या पायरीवरून हिशोब केला, तर मूळ जमिनीवर सव्वातीन इंच थर चढला होता. हॉलमध्ये तीस-पस्तीस माणसं कायमची उभी असावीत इतकं ते वजन. आणि फ्लोअरिंगवाला त्यावर चौथा थर देणार होता. बाथरूमची पायरी पाच इंचांच्या वर गेली असती.

"काही घालायचं नाही," मी प्रशांतला म्हटलं. "सगळं काढायचं. सगळ्या घरातलं. खाली मोझेक सपाट असणार, कारण स्लॅब सपाट आहे. बाथरूमची पायरी पण जाईल."

"आणि मोझेक फुटलेली निघाली तर?"

ही भीती खरी होती. लादीवर लादी बसवताना जुन्या लादीला टाचे मारतात, म्हणजे छिन्नीने सगळीभर बारीक खड्डे पाडतात, की वरचं सिमेंट पकडून बसावं. असं केलं असेल तर खालची मोझेक देवी आलेल्या तोंडासारखी निघणार. मग नवी लादी, तिच्याखाली सिमेंटचा नवा बेड, सुकायला वेळ. बारा दिवसांत बसत नव्हतं.

"उघडल्याशिवाय कळणार नाही. काकांना विचारा ना, त्यांच्यासमोर झालं असेल."

"नको," प्रशांत घाईने म्हणाला. "त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही. घर फोडतोय कळलं तर तिथून वॉकर घेऊन निघतील."

मी ऐकलं. ऐकायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी हॉलच्या कोनाड्यातली बुद्धमूर्ती शेजारच्यांकडे नेऊन ठेवली, मग रफिकने कोपऱ्यात पहार घातली. चार ठोक्यांत दोन टाइल्स एकीवर एक चिकटलेल्या तशाच उठल्या. तो खाली वाकून बघतच राहिला.

"मॅडम, ये उखड़ नहीं रहा. ये तो उठ रहा है."

टाइल्सच्या खाली रेती होती. जवळजवळ कोरडी रेती, सिमेंट नावाला. आणि रेतीखाली दुधाळ रंगाचं जाड प्लास्टिक, भिंतीपासून भिंतीपर्यंत नीट अंथरलेलं, सांध्याला सांधा चिकटवलेला.

वीस वर्षांत मी असलं काम पाहिलं नव्हतं. लादीखाली प्लास्टिक घातलं तर लादी पकडणार कशाला? आणि कमी सिमेंटची रेती तर वजनाने दबणारच, त्यात बाथरूमच्या उंबऱ्यातून पाणी आलं की जागा सोडणार. पॅसेजपाशी ती चांगली ओली लागली. म्हणून तिथे खळगा सर्वांत खोल. ज्या मिस्त्रीने हे केलं त्याचा मी तिथल्या तिथे उद्धार केला, रफिकनेही भर घातली. एका म्हाताऱ्या माणसाचं हाड मोडलं होतं या कामापायी.

पण मग रफिकने प्लास्टिकची कड उचलली. खाली मोझेक. पांढरी, हिरवट खडीची. एक टाचा नाही, एक ओरखडा नाही. पॉलिश मंद झालं होतं एवढंच. मी पट्टी टाकली. खालून उजेडसुद्धा जाईना इतकी सरळ.

मी प्रशांतला ऑफिसात फोन केला. "आता मला काकांशी बोलायचंय. सगळ्या घरात असंच आहे का, आणि खालून कुठे पाइप गेलीय का, हे कळल्याशिवाय मी किचनला हात लावणार नाही."

तो कुरकुरला, पण नंबर दिला. मी माझं नाव सांगितलं, तुमच्या घरी काम चालू आहे म्हटलं.

"प्लास्टिक लागलं का?" काका म्हणाले.

मी रफिकला हाताने थांबायची खूण केली.

"लागलं. तुम्हाला माहीत आहे?"

"मीच घातलंय. तो मिस्त्री ऐकेना. टाचे मारतो म्हणाला. मी म्हटलं, खबरदार. आमच्या लाइनमध्ये कुठलाही पार्ट बसवताना पहिला विचार हा, की उद्या तो काढायचा कसा. जे काढता येत नाही ते फिटिंग नाही ताई, ती बिघाडी. म्हणून प्लास्टिक टाकायला लावलं, सिमेंट कमी घालायला लावलं. डोक्यावर उभा राहिलो त्याच्या तीन दिवस."

"आणि खालची मोझेक?"

"ती माझ्या मिसेसने पसंत केलेली. पॉलिशवाल्याला तिने तीनदा परत बोलावलं होतं." मग त्यांनीच विचारलं, "कशी आहे?"

"जशीच्या तशी आहे काका."

मग एकदम कामाचा आवाज. "सगळ्या घरात प्लास्टिक आहे. किचनमध्ये ओट्याखाली रेतीतून पाण्याची पाइप गेलीय, मागच्या भिंतीपासून नऊ इंचांवर. तिथे पहार लावू नका. हाताने उकरा."

दुपारी रफिकने हाताने उकरलं. पाइप बरोबर नऊ इंचांवर होती. पहार घातली असती तर हंसाबेनच्या नव्या पीओपीतून धबधबा आला असता आणि अबोला पुढच्या पिढीत गेला असता.

पुढचं काम सरळ झालं. तीन दिवसांत सगळं डेब्रिज गोणींत भरून खाली गेलं. बाथरूमचा उंबरा वॉटरप्रूफ केला, त्यामुळे हंसाबेनची ओलही मिटली आणि त्यांनी न मागता ढोकळा पाठवला. दरवाजे मात्र खालून आखूड झाले, वाढत्या मुलाच्या पँटसारखे. सुताराने सगळ्यांना खाली लाकडी पट्टी जोडली. सुजाताचा ओटा सव्वातीन इंच उंच झाला. दोन दिवस ती म्हणाली, हात दुखतात. मग म्हणाली, कंबर दुखायची थांबली. शेवटी पॉलिशचं मशीन फिरलं. मी पॉलिशवाल्याला दोनदाच परत बोलावलं.

अकराव्या दिवशी मी वॉकर घेऊन घरभर फिरले. हॉल, पॅसेज, किचन, बाथरूमचं दार. कुठे अडला नाही, कुठे डुलला नाही. खोटं कशाला बोलू, रिकाम्या घरात मी एकटीच मोठ्याने हसले.

बाराव्या दिवशी काकांना खुर्चीत बसवून चौघांनी जिना चढवला. मला खरं तर जायची गरज नव्हती, बिल वगैरे सगळं झालं होतं. तरी गेले. काका उंबऱ्याशी उभे राहिले, वॉकर धरून, आणि खाली बघत राहिले. मग ते चालायला लागले. हॉलची एक फेरी, पॅसेजपर्यंत, परत. सुजाता ओढणीने डोळे पुसत किचनमध्ये गेली. काका खुर्चीत बसले, प्रशांतला म्हणाले, चहा बघ. तो आत गेल्यावर मला जवळ बोलावलं.

"ताई, खरं सांगा. मी माझ्याच कामावर पडलो ना?"

आजारातून उठलेल्या माणसाला काय सांगावं? पण समोर फिटर बसला होता.

"हो. रेतीत सिमेंट कमी होतं. बाथरूमचं पाणी आलं, रेती खचली, तिथेच तुमचा पाय पडला."

त्यांनी मान हलवली. एकदा, दोनदा. मला वाटलं, आता यांना वाईट वाटणार. पण चेहरा उलट सैल होत गेला.

"पाच आठवडे पोरं एकच सांगतायत. वय झालं बाबा, तोल जातो, आता एकटं उठायचं नाही. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. रोज सकाळी डोळे उघडले की तेच." त्यांनी चप्पल काढली आणि अनवाणी तळवा मोझेकवर दाबून बघितला. "म्हणजे तोल माझा नाही गेला. काम चुकलं होतं."

"काम चुकलं होतं," मी म्हटलं.

"मग ठीक आहे. काम दुरुस्त करता येतं."

चहा आला. काकांनी बशीत ओतून तो आवाज करत प्यायला आणि किचनच्या त्या पाइपला क्लॅम्प कुठला वापरला, याची माझी उलटतपासणी सुरू केली.

तेव्हापासून जुन्या घरात गेले की ट्यूब आणि लेझर बाहेर काढायच्या आधी मी एक प्रश्न विचारते. शेवटची लादी बसवली तेव्हा मिस्त्रीच्या डोक्यावर कोण उभं होतं? तो माणूस हयात असेल, तर आधी त्याच्याशी बोलते. घरच्यांनी कितीही नको म्हटलं तरी.